वनविहाराला नियम हवेत, पण कोणते?

मे महिना सरत आला आणि वळवाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघर, रतनवाडी या भागाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रीच्या वेळी मोटारींची रांग लागते. ही सारी गर्दी काजवे पाहण्यासाठी लोटलेली असते. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांच्या फांद्याफांद्यांवर असंख्य काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात. ते दृश्य एकदा पाहिलेला मनुष्य ते सहसा विसरत नाही. परंतु ते पाहावयास येणाऱ्यांच्या मोटारींचे दिवेच आज ते दृश्य पुसून टाकीत आहेत. काजव्याचा प्रकाश ही माणसाच्या करमणुकीसाठी केलेली रोषणाई नव्हे. ती नराने मादीला आणि मादीने नराला घातलेली साद असते. विजेरीच्या झोतात आणि मोटारीच्या दिव्यांत ती हरवली म्हणजे मीलन होत नाही आणि पुढील पिढीही जन्मास येत नाही. काजव्याची अळी मातीत व पालापाचोळ्यात महिनोन्‌महिने वाढते, प्रौढ काजव्याला मात्र अवघ्या काही आठवड्यांचे आयुष्य लाभते. ज्या गवतावर आपण वाहन उभे करतो आणि ज्या पाचोळ्यावरून छायाचित्रासाठी धावत सुटतो, तेच त्याचे सूतिकागृह असते.

हा परिसर म्हणजे कोणाचे मोकळे माळरान नव्हे. १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा तो भाग आहे. तथापि तेथे जाणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या मनात आपण एका संरक्षित वनात पाऊल टाकीत आहोत, ही जाणीव नसते. प्रवेशशुल्काची पावती फाडली की तेवढ्या रात्रीपुरते ते रान आपल्या मालकीचे झाले, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत दूर कशी करावयाची, आणि ती दूर करताना सामान्य माणसाला रानाचा आनंदच नाकारला जाणार नाही याची काळजी कशी घ्यावयाची, असा हा दुहेरी प्रश्न आहे.

रविवारची एकमेव मोकळीक

या प्रश्नाची दुसरी बाजू आधी ध्यानात घेतली पाहिजे. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांना थंड हवेच्या ठिकाणची महागडी निवासस्थाने परवडत नाहीत. एस. टी.चे किंवा लोकलचे तिकीट, घरून बांधून घेतलेली भाजी-भाकरी आणि पायांतील बळ एवढ्या भांडवलावर ज्याचा आनंद लुटता येतो, असे सह्याद्री हे महाराष्ट्रातील जवळजवळ एकमेव ठिकाण आहे. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमी लेखकाने आणि अनेक गिर्यारोहण मंडळांनी मराठी तरुणांना या डोंगरांची वाट दाखविली. ती वाट सरकारी आदेशांनी बंद होत गेली, तर नुकसान सधनांचे होणार नाही. ते आपल्या खाजगी बंगल्यांच्या आवारात डोंगर पाहतीलच. नुकसान होईल ते ज्याच्या वाट्याला सार्वजनिक वनाखेरीज दुसरी बाग नाही त्याचे. म्हणूनच वनविहाराचे नियम कसे असावेत, ही केवळ वनखात्याची चिंता नसून सामान्य नागरिकाच्या हिताची बाब आहे.

कायदा आहे, धाक कोणाला?

नियम नाहीत असे मुळीच नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या २६ व्या कलमान्वये राखीव वनात आग लावणे हा तर गुन्हा आहेच. परंतु वन अधिकाऱ्याने जाहीर केलेल्या ऋतूखेरीज तेथे विस्तव पेटविणे, राखणे किंवा नेणे हाही गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे २७ वे कलम अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध घालते, वन्य प्राण्याची छेड काढण्यास मनाई करते आणि तेथील भूमीवर कचरा टाकण्यासही मज्जाव करते. २८ व्या कलमात ज्या कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देता येतो, त्यांत अभ्यास, छायाचित्रण व संशोधन यांच्या जोडीला पर्यटनाचाही उल्लेख आहे. याचा अर्थ उघड आहे. पर्यटकाचा अभयारण्यातील प्रवेश हा त्याचा निरपवाद हक्क नसून त्याला दिलेली सशर्त परवानगी आहे.

मग या कायद्याचा धाक आजवर कोणी अनुभवला? मोळी आणणाऱ्या बाईने, मध काढणाऱ्या ठाकराने, गुरे चारणाऱ्या महादेव कोळ्याने. वनाच्या काठी ज्याचे पोट आहे, त्याच्यामागे वनरक्षकाची काठी पिढ्यान्‌पिढ्या लागली. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला, तेव्हा त्याच्या प्रास्ताविकेतच वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली दिली, हे पुरेसे बोलके आहे. याउलट त्याच वनात रात्री लाकडे जाळून शेकोटी करणारा, ध्वनिक्षेपक लावून नाचणारा आणि सकाळी बाटल्यांचा खच टाकून निघून जाणारा शहरी पाहुणा 'पर्यटक' ठरतो. पहिल्याने नेलेली वाळकी काटकी कायद्याला दिसते आणि दुसऱ्याने जाळलेला ओंडका दिसत नाही, ही विषमता ज्या गावकऱ्यांना डोळ्यांदेखत दिसते, त्यांच्या मनात त्या कायद्याविषयी आदर उरावा तरी कसा?

गावकरी सर्वस्वी निर्दोष आहेत असे येथे सुचवावयाचे नाही. गवत चांगले फुटावे या समजुतीने लावलेले वणवे सह्याद्रीच्या उतारांना दरसाल होरपळून काढतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पोटासाठी वनात जाणाऱ्याला कडक नियम आणि मौजेसाठी जाणाऱ्याला सैल नियम हा क्रम न्यायाला धरून नाही. किंबहुना तो उलटाच असावयास हवा. पोटाची निकड मौजेला नसते. म्हणून मौजेने अधिक बंधने सोसली पाहिजेत.

बंदीचा सोपा मार्ग

शासनाला मात्र एक सोपा मार्ग सापडला आहे, तो म्हणजे बंदीचा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्या दुर्घटनेने महाराष्ट्र हळहळला. पाठोपाठ पुणे जिल्ह्यात धबधबे, धरणे, कडे यांच्या परिसरासाठी मनाई आदेश निघाले. असे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली निघतात. कलमाचा क्रमांक बदलला, रीत तीच राहिली. पावसाळ्याच्या प्रारंभी अपघात व्हावा, बंदी जाहीर व्हावी, पोलिसांनी दोन-तीन रविवार रस्ते अडवावेत आणि पुढे सारे पूर्ववत व्हावे, या चक्राची आता सर्वांना सवय झाली आहे.

धोक्याच्या ठिकाणी ऐन पुरात मनाई हवीच. त्याबद्दल वाद नाही. परंतु सरसकट बंदीचा परिणाम काय होतो हे पाहिले पाहिजे. नियम पाळणारा मनुष्य घरी बसतो. बेफिकीर मनुष्य आडवाटेने जातोच; आणि चोरून गेल्यामुळे त्याची नोंद नसते, सोबत वाटाड्या नसतो, संकटात सापडला तर तो कोठे आहे हे कोणास ठाऊक नसते. बंदीने संख्या घटते. जबाबदारी मात्र वाढत नाही.

या संदर्भात तामिळनाडूचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. मार्च २०१८ मध्ये थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणास गेलेल्या गटांना वणव्याने गाठले आणि त्या होरपळीत २३ जणांना प्राणांस मुकावे लागले. तेव्हाही पहिली प्रतिक्रिया बंदीचीच होती. परंतु त्याच वर्षी त्या राज्याने वनातील पदभ्रमणाचे नियमन करणारे स्वतंत्र नियम केले; आणि २०२४ मध्ये राज्यभरातील ४० वाटा निवडून, नावनोंदणीची व्यवस्था करून आणि स्थानिक तरुणांना मार्गदर्शक म्हणून तयार करून त्या लोकांसाठी खुल्या केल्या. या योजनेतही उणिवा असतील. तथापि अपघाताचे उत्तर कायमचे कुलूप नसून सुरक्षित उघडलेले दार होय, हे तत्त्व तिने मान्य केले.

देवराईची कसोटी

टिकणारा नियम कसा असतो, हे पाहण्यासाठी मात्र परराज्यात जावयास नको. आपल्याच सह्याद्रीत देवराया आहेत. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि आजूबाजूचे डोंगर उघडेबोडके झाले असताना या राया कशा टिकून राहिल्या, याकडे जगाचे लक्ष वेधले. अनेक देवरायांत वाळलेली काटकीही उचलावयाची नाही, असा दंडक होता. तेथे लोक जात नसत असे नाही. जत्रा भरे, नवस फेडले जात, रात्र जागविली जाई. म्हणजे माणसांची वर्दळ होती, आनंदही होता. परंतु रायीला ओरबाडणे नव्हते.

तो दंडक पाळला गेला तो केवळ देवाच्या कोपाच्या भयाने, असे म्हणून हा विषय संपविता येत नाही. नीट पाहिले तर त्यामागे चार गोष्टी होत्या. नियम थोडके होते. ते सर्वांना तोंडपाठ होते. पाटलाला एक आणि गड्याला एक असा त्यांत भेद नव्हता. आणि नियमाचा राखणदार दूरच्या कचेरीत नव्हता, तो गावातच राहत होता. पुढे ज्या ज्या ठिकाणी यांपैकी एखादी गोष्ट ढळली, म्हणजे रस्ता झाला, ठेकेदार आला, जुन्या देवळाच्या जागी सिमेंटचे मंदिर बांधण्यासाठी झाडे विकली गेली, तेथे देवाचे भयही रायीला वाचवू शकले नाही. आजच्या वनविहाराच्या नियमांनाही याच चार कसोट्या लावून पाहाव्यात.

साताऱ्याजवळील कास पठाराचे उदाहरण घ्या. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश झाला आणि फुलांच्या मोसमात तेथे माणसांचा पूर लोटला. जांभ्या खडकावरील मातीचा थर तेथे अनेक ठिकाणी अवघ्या काही सेंटिमीटरांचा आहे. त्यावर उमलणारे गेंद, सोनकी किंवा सीतेची आसवे पावलाखाली चिरडली गेली, तर ते नुकसान त्या फुलापुरते थांबत नाही. ज्या मातीत पुढील वर्षीचे बी पडावयाचे ती मातीच दडपली जाते. तेथे आसपासच्या गावांच्या समित्यांकडे व्यवस्था सोपविण्यात आली. शुल्क, आगाऊ नोंदणी, दिवसाकाठी सुमारे ३,००० पर्यटकांची मर्यादा, दूरवर वाहनतळ आणि स्थानिक तरुणांची देखरेख अशी घडी बसविण्यात आली. सुट्टीच्या दिवशी ही घडी विस्कटते आणि तक्रारीही होतात. तरीही पठार राखण्यात गावाचा रोजगार आहे आणि ते बिघडले तर पहिला तोटा गावाचाच आहे, एवढे नाते तेथे निर्माण झाले.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. व्याघ्रप्रकल्पांतील पर्यटनाविषयी नियमांची वाण नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटनास काही काळ स्थगिती दिली. त्यानंतर त्याच वर्षी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये अशी मर्यादा घातली. असे असूनही ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मार्गदर्शक आणि वाहनचालक यांच्यावर कारवाई झाली, आणि ती योग्यच होती. परंतु वाघ अगदी जवळून दाखविला तरच ज्याची बक्षिसी हाती पडते, त्या चालकाला नियम मोडावयास लावणारा हात कोणाचा असतो? वाहनात बसलेल्या पाहुण्याला आपण त्या गुन्ह्यात भागीदार आहोत असे वाटत नाही, तोवर मार्गदर्शक तत्त्वांचे जाड ग्रंथ निष्फळ ठरणार.

थोडके आणि सकारण

तात्पर्य, नियम थोडके हवेत आणि प्रत्येकाचे कारण पाहुण्याला ठाऊक हवे. पहिला नियम विस्तवाचा. फेब्रुवारीपासून पावसाला सुरुवात होईपर्यंत वनात काडीही पेटवू नये. स्वयंपाक गावात करावा, शेकोटीचा मोह सोडावा. वाळलेल्या गवताला ठिणगी पुरते आणि वणवा विझविण्यासाठी धावते ते गाव, पाहुणा नव्हे. दुसरा नियम प्रकाशाचा आणि आवाजाचा. काजव्यांच्या मोसमात वाहने गावातच थांबावीत, पुढे पायी जावे, विजेरीवर लाल कागद असावा. ध्वनिक्षेपकावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत कायद्याने अन्यत्रही बंदी आहे. वनात ती अष्टौप्रहर असावी. तिसरा नियम वाटेचा. रुळलेली वाट सोडू नये, पठारांवर तर मुळीच नाही. चौथा नियम ओझ्याचा. जे वर नेले ते परत खाली आणावे. प्रवेशद्वारी बाटल्या मोजून अनामत घ्यावी आणि परतताना बाटली दाखविल्यावर ती परत करावी. पाचवा नियम खाऊचा. घाटांतील माकडांना काहीही देऊ नये. मोटारीतून फेकलेल्या केळ्यासाठी रस्त्यावर बसावयास शिकलेले माकड शेवटी मोटारीखालीच मरते. सहावा नियम विश्रांतीचा. ताडोब्याचा गाभा पावसाळ्याचे तीन महिने पर्यटकांना बंद असतो, त्याचप्रमाणे प्रत्येक गजबजलेल्या स्थळाला वर्षातील काही काळ आणि आठवड्यातील एखादा दिवस माणसांपासून सुटका मिळावी.

या सहा नियमांत सामान्य माणसाला जाचक असे काय आहे? यांतील एकाही नियमाने त्याचा आनंद उणावत नाही. उणावते ती फक्त गोंगाटाची मुभा. मात्र दोन अटी कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. पहिली, नियम सर्वांना सारखे हवेत. मंत्र्याच्या, अधिकाऱ्याच्या किंवा त्यांच्या पाहुण्यांच्या मोटारीसाठी मिटलेले फाटक उघडले गेले, तर त्या एका रात्रीत वर्षभराची शिस्त वाहून जाते. दुसरी, नियमाची राखण गावाकडे हवी आणि शुल्कातील वाटा गावाच्या हाती रोख व उघड हिशेबाने पडावयास हवा. एकटा वनरक्षक आपल्या विस्तीर्ण क्षेत्रात शनिवारी रात्री कोठे कोठे पुरा पडणार? ज्या ठाकराला आपण आजवर आरोपी म्हणून पाहिले, त्याच्याकडे पावतीपुस्तक आणि अधिकाराचा बिल्ला सोपविला, तर ऐतिहासिक अन्यायाच्या परिमार्जनाची ती एक छोटी सुरुवातही ठरेल.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. शुल्क आणि नोंदणी आली म्हणजे वन पुन्हा पैसेवाल्यांचेच होणार, असा तो आक्षेप आहे. ही भीती खोटी नाही. म्हणूनच संख्येची मर्यादा शुल्क वाढवून नव्हे, तर रांग लावून पाळली पाहिजे. शुल्क एस. टी.च्या तिकिटाहून जड नसावे, शाळा-महाविद्यालयांच्या गटांना ते नाममात्र असावे, आणि ज्याच्याकडे संगणकावरून नोंदणी करण्याची सोय नाही त्याच्यासाठी काही जागा गावातील चौकीवर राखून ठेवाव्यात. महाग झालेले वन वाचेलही कदाचित. परंतु ज्या वनाशी सामान्य माणसाचा संबंध तुटला, त्याच्यावर उद्या खाण किंवा रस्ता आला तर त्याच्या बाजूने बोलावयास कोण उभे राहील?

कायदा, समिती, शुल्क यांच्या पलीकडे एक काम उरते आणि ते शासनाच्या हातचे नाही. मराठी मुलगा वनात पहिल्यांदा जातो तो बहुधा शाळेच्या सहलीबरोबर. त्या एका दिवशी तो जे पाहतो तेच पुढे आयुष्यभर करतो. सहलीच्या आदल्या दिवशी एक तास या सहा नियमांसाठी आणि त्यांच्या कारणांसाठी द्यावा. परतताना गाडीत बसण्यापूर्वी मुलांची जशी मोजणी होते, तशीच नेलेल्या डब्यांची व बाटल्यांचीही व्हावी. एवढे प्रत्येक शिक्षकाला, कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता, येत्या सहलीपासून करता येईल. वन सार्वजनिक आहे, हे आपण हक्क सांगताना मोठ्याने म्हणतो. मुलांना ते हिशेब देतानाही म्हणावयास शिकविले, तर पुढच्या पिढीला वनाच्या दाराशी मनाई आदेश लावण्याची वेळ येणार नाही.